पिशवीतल्या पोफळी

न्हाणीच्या भिंतीला लागून पोफळीची चाळीस रोपं काळ्या पिशव्यांत उभी होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणलेली. आल्याबरोबर लावायची म्हणून नवऱ्याने कुळागरात, म्हणजे घराच्या पोफळी-माडांच्या बागेत, खुंट्या मारून जागाही ठरवल्या होत्या. मग जुलै गेला, गणपतीची चवथ आली, अनंत चतुर्दशी झाली, घटस्थापना होऊन अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, देवळांत देवांची मखरं हलायला लागली, तरी रोपं भिंतीशीच. कोणी त्यांना विसरलं नव्हतं. रोज सकाळी चहा घेऊन तो तिकडे जायचा, वाकून पानं बघायचा, एखाद्या पिशवीत गवत उगवलं असेल तर उपटायचा आणि परत यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "कागद येवं दी."

कागद म्हणजे त्याच्या भारतात राहण्याच्या परवान्याची मुदतवाढ. आधीची मुदत ३१ ऑगस्टला संपली. अर्ज आम्ही जुलैच्या मध्यालाच भरला होता. मुदत संपण्याआधी अर्ज गेलेला असेल तर निर्णय येईपर्यंत राहता येतं, असं आम्हाला सांगितलं गेलं आणि सांगणारा माणूस आमच्याशी नीट, सौजन्याने बोलला. तरीही ३१ ऑगस्टच्या रात्री मला झोप लागली नाही. चवथीला जेमतेम चार दिवस झाले होते, गणपतीवर बांधतात त्या माटोळीची सुपारीची घडं अजून माजघरात टांगलेली होती, घरभर त्या रानफळांचा आंबूस वास होता. बारा वाजून गेले. शेजारी तो झोपला होता. मला वाटत राहिलं, आता या क्षणापासून हा माणूस या खोलीत कोणत्या आधारावर झोपला आहे?

त्याचा जन्म १९७९चा, फोंड्यातला. सहाव्या दिवशी या घरात आला, षष्ठी इथेच जागवली, असं सासूबाई सांगतात. सावईवेऱ्याच्या बाजूचं हे घर त्याच्या पणजोबांनी बांधलेलं. मी सावंतवाडीची. २००८ साली लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला पाट कुठून येतो हे माहीत नव्हतं, माड आणि माडी यांत फरक असतो हे माहीत नव्हतं. माडी म्हणजे इथे पोफळ. तो मला बोट धरून कुळागरातून हिंडवायचा. हा मिरवेल आजोबांच्या हातचा, ही जायफळं वडिलांनी लावलेली, इथे पाण्याची पाळी बदलते. आणि आता कागदावर चित्र असं आहे की मी इथली आणि तो परका. तो या घरात राहतो तो माझा पती म्हणून. भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार या कारणाने मिळणारा एंट्री व्हिसा. त्याला एक्स व्हिसाही म्हणतात.

हे कसं झालं ते गोव्याबाहेरच्या माणसाला एका वाक्यात सांगता येत नाही.

माझे सासरे १९४९ साली जन्मले. तेव्हा इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, जन्माची नोंद फोंड्याच्या दफ्तरात पोर्तुगीज भाषेत झाली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते. बोरीचा पूल पोर्तुगिजांनी माघार घेताना उडवला ही बातमी गावात कशी पोचली, शाळेतलं पोर्तुगीज पुस्तक त्या दिवसापासून कुणी उघडलं नाही, हे ते रंगून सांगत. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने मात्र ते मान्य करायला तेरा वर्षं घेतली. तिथली हुकूमशाही गेल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ला दोन्ही देशांत करार झाला. आणि १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली माणसं पोर्तुगालच्या कायद्यात त्यांचे नागरिकच राहिली. त्यांनी आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवून घेतला की त्यांच्या मुलाबाळांनाही तो हक्क पोचतो. हजारो गोंयकारांनी हा मार्ग धरला. पोर्तुगालमध्ये राहायला फारसं कुणी गेलं नाही. तो पासपोर्ट युरोपीय संघाचा होता आणि युरोपीय संघात तेव्हा इंग्लंड होतं.

तिकडच्या कायद्याच्या नजरेत माझा नवरा काही नवीन घेत नव्हता, जन्मापासून असलेली गोष्ट फक्त नोंदवत होता. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यातलं नववं कलम मात्र सांगतं की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. एकच सही. एका देशाने तिला आठवण म्हटलं, दुसऱ्याने निरोप.

आणि त्या सहीचा आग्रह माझा होता. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

२०११ साली कुळागराचं उत्पन्न घटलं होतं, लागोपाठ दोन पावसाळे कोळेरोगाने सुपारी गळत होती, सासऱ्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं. आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली होती आणि पैसे पाठवत होती. तो म्हणत होता, बघू, निघेल मार्ग. मी म्हणत होते, मार्ग समोर आहे. सासऱ्यांच्या जन्माचा उतारा काढायला मी त्यांच्यासोबत दफ्तरात गेले. त्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव होतं. शंकर. पोर्तुगीज लिपिकाने ते त्यांच्या रीतीप्रमाणे लिहिलेलं, एक्सने सुरू होणारं. आमच्या बाकीच्या सगळ्या कागदांवर तेच नाव एसने सुरू होतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सासरे त्या वळणदार, फिकट झालेल्या शाईकडे खूप वेळ बघत राहिले. वडिलांचं नाव असं लिहिलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाबा असते तर त्यांना हे नाव वाचता आलं नसतं." तेव्हा मला ते वाक्य घाईत ऐकू आलं. आता ते पुरतं ऐकू येतं.

२०१३ ते २०२२ आम्ही स्विंडनला होतो. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. तो एका गोदामात पाळ्यांवर काम करायचा, मी शाळेच्या स्वयंपाकघरात. मुलगी तिथे २०१६ साली झाली. कष्टाचे पैसे मिळाले, त्या पैशांवर सासऱ्यांची शस्त्रक्रिया झाली, घराचं छप्पर नवं झालं. हे खरं आहे आणि ते विसरून मला रडता येणार नाही. सासरे २०२१ साली गेले. विमानं नीट सुरू नव्हती, तो वेळेवर पोचला नाही. मार्च २०२२ मध्ये आम्ही सगळं आवरून परतलो, कारण सासूबाई एकट्या होत्या आणि कुळागर एकटं होतं.

परतल्यावर पहिलं काम कोणतं करावं लागलं असेल? परदेशी माणूस कुणाच्या घरी राहायला आला की त्या घराने चोवीस तासांत सरकारला कळवायचं असतं. तेव्हा त्यासाठी फॉर्म सी होता. हॉटेलवाले भरायचे तोच. त्यात राहणाऱ्याचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठून आला, किती दिवस राहणार, आणि ठेवून घेणाऱ्याचं नाव. वर सासूबाई त्याच्या आवडीचं खतखतं करत होत्या, नऊ वर्षांनी मुलगा कायमचा घरी आला म्हणून शेजारच्या बायका ओट्यावर जमल्या होत्या, आणि मी आतल्या खोलीत मोबाइलवर त्याची नोंद करत होते. किती दिवस राहणार, या रकान्यापाशी मी थांबले. त्याला हाक मारली नाही. व्हिसाची शेवटची तारीख पाहिली आणि ती लिहिली.

आमच्या घरात तीन तऱ्हेचे कागद आहेत. माझा भारतीय पासपोर्ट. मुलीचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. आणि त्याचा वर्षावर्षाचा व्हिसा. स्विंडनला जन्मलेली मुलगी, जी थंडीला घाबरत नाही आणि इथल्या मिरगाच्या गडगडाटाला घाबरते, तिला आयुष्यभर इथे राहण्याची मोकळीक आहे. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही, पण ये-जा आणि राहणं यांना मुदत नसते, दरवर्षी कुठे नोंद करावी लागत नाही. आई भारतीय म्हणून तिला ते मिळालं, आणि तिच्या नावावर कधी भारतीय पासपोर्ट नव्हताच म्हणून सहज मिळालं. त्याच्या नावावर होता. जो आधी भारतीय होता त्याला ओसीआयसाठी जुना पासपोर्ट परत केल्याचा दाखला जोडावा लागतो. तो दाखला वेळेत घ्यायचा आमच्याकडून राहून गेला आणि पुढे पासपोर्ट रद्द झाला. रद्द झालेल्याला दाखला मिळत नाही. असे अडकलेले गोंयकार खूप होते. ४ एप्रिल २०२४ला केंद्राने सवलत दिली की दाखल्याऐवजी पासपोर्ट रद्द झाल्याचा आदेशही चालेल. त्या दिवशी आमच्या घरी गोड झालं होतं. तो अर्जही केला आहे. तो विचाराधीन आहे, म्हणून दरम्यान मुदतवाढ, आणि मुदतवाढ विचाराधीन आहे, म्हणून दरम्यान थांबणं. एका प्रतीक्षेच्या पोटात दुसरी.

हे सगळे अर्ज २०१८पासून ऑनलाइन होतात, त्यामुळे रांगेत उभं राहावं लागत नाही. सोय मोठी आहे, आणि मी ती कमी लेखत नाही; म्हाताऱ्या माणसांना पणजीला खेपा घालताना मी पाहिलं आहे. पण रांगेत दुसऱ्यांचे चेहरे दिसायचे. आता रात्री सगळी निजल्यावर मी एकटी तो क्रमांक टाकते आणि अर्ज प्रक्रियेत आहे असं वाचते. सप्टेंबरात तर दिवसातून चारदा. १ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे त्याची मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, देशभर नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झाला. १९४६च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे त्याने संपवले. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा माझ्या हातापायांतलं बळ गेलं. आपला अर्ज जुन्या कायद्यातला की नव्या? शेवटी ओळखीच्या वकिलांनी समजावलं की आधी दिलेले अर्ज वाया जात नाहीत. त्यांचे उपकार आहेत. पण ती दुपार मी कशी काढली ते मला माहीत.

अर्जासोबत एक पत्र जोडावं लागतं. मुदतवाढ का हवी याचं कारण. ते मी लिहिते, दरवर्षी, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. यंदा मराठीत लिहायला बसले तेव्हा हात थांबेना. लिहिलं की माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पहाटे त्यांना धाप लागते तेव्हा त्या माझं नाव घेत नाहीत, मुलाचं घेतात. लिहिलं की पाटाच्या पाण्याची आमची पाळी बुधवारी रात्री असते आणि वरच्या बांधाची दगडी मोरी कशी बुजवायची हे घरात फक्त त्यालाच येतं. लिहिलं की पावसाच्या आधी सुपारीवर मोरचूद आणि चुन्याचं औषध मारावं लागतं, नाहीतर कोळेरोग येतो. ते मिश्रण बरोबर झालं की नाही हे तो लोखंडी सुरी बुडवून बघतो, पात्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर अजून चुना हवा, आणि हे त्याला वडिलांनी शिकवलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. लिहिलं की देवळाच्या जत्रेत मराठी नाटक होतं त्यात तो पेटीवर साथ करतो आणि नऊ वर्षं त्याच्याविना तालमी झाल्या तेव्हा गावाने दुसरा पेटीवाला कायम केला नाही, दरवर्षी बाहेरून बोलावला. लिहिलं की मुलगी त्याच्याजवळच पाढे म्हणते. दोन पानं भरली. मग इंग्रजी केलं. माझे पती माझ्याबरोबर या पत्त्यावर राहतात, आमचा विवाह अस्तित्वात आहे, कृपया एक वर्षाची मुदतवाढ मिळावी. साडेतीन ओळी. विजेचं बिल, विवाहाचा दाखला आणि माझ्या ओळखपत्राची प्रत जोडली. दोन मराठी पानं मी कपाटात ठेवली आहेत. मागच्या तीन वर्षांचीही तिथेच आहेत.

विवाहाच्या दाखल्यावरून आठवलं. गोव्यात लग्नाला दोन सह्या लागतात. आधी निबंधकाकडे इरादा जाहीर करायचा, मग कुणाची हरकत नाही ना यासाठी ठरावीक दिवस थांबायचं, मग दुसरी सही. सावंतवाडीच्या माझ्या काकांना हे विचित्र वाटलं होतं. पहिल्या सहीनंतर तो मला म्हणाला होता, आता थोडे दिवस थांबायचं, हरकत कोण घेणार आहे? त्याच पोर्तुगीज काळातल्या दिवाणी कायद्याने नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, वारसाने आलेलीसुद्धा. म्हणजे या कुळागराची अर्धी मालकीण मी. उरलेला अर्धा त्याचा वारसाहक्क, तोही कुणी हिरावून घेत नाही. पण शेजारची तीन गुंठे बागायत मागच्या वर्षी विकायला निघाली, बांधाला बांध लागून, पाट तिथूनच आत येतो, आणि परदेशी नागरिकाला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी घेतली. तो त्या संध्याकाळी बांधावर बराच वेळ उभा होता.

चौकशीला पोलीस घरी येतो. यंदाही आला, ऑगस्टच्या सुरुवातीला, पाऊस धो धो असताना. तो हवालदार आमच्याच बाजूचा, नवऱ्यापेक्षा दोन इयत्ता मागे, एकाच शाळेतला. ओट्यावर छत्री मिटून उभा राहिला आणि आत यायला संकोचला. मी चहा ठेवला. फाईल गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "हांव तुका वळखना काय रे? पूण म्हाका बरोवचें पडटा." ओळखतो, पण लिहावं लागतं, असं. मग त्याने एकेक प्रश्न विचारला. नाव. वडिलांचं नाव. राष्ट्रीयत्व. नवरा शांतपणे उत्तरं देत होता, मान खाली. "गांवांत केन्नासावन रावता?" या प्रश्नाला तो गप्प झाला. त्याला खरंच कळेना काय सांगायचं. २०२२पासून म्हणायचं, की १९७९पासून. दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ताच्या पणज्यासावन." हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं, पेन तसंच धरून. मग २०२२ लिहिलं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. चहा पिताना दोघं कोणत्याशा जुन्या मास्तरांबद्दल बोलले. जाताना त्याने सासूबाईंच्या पायाला हात लावला.

याच गोष्टीने मी हैराण होते. रागवायला समोर कुणी नाही. कुणी वाईट वागलेलं नाही. नियम आहेत, आणि देशाला आपल्या हद्दीत कोण राहतं हे माहीत असलं पाहिजे, हे मलाही पटतं. पण चार वर्षांत माझ्या नवऱ्याच्या अंगात एक आदब शिरली आहे आणि ती मला सहन होत नाही. भांडण असेल तिथून तो बाजूला होतो. ग्रामसभेत रस्त्याच्या गटाराचा विषय निघाला, पाणी आमच्याच बागेत शिरतं, तर घरी येऊन मला सांगतो, तू बोल, तुझं मत आहे. ७ मे २०२४ला लोकसभेचं मतदान होतं. केंद्र प्राथमिक शाळेत, जिथे तो मुळाक्षरं शिकला. त्याने मला आणि सासूबाईंना स्कूटरवरून एकेक करून सोडलं आणि तो फाटकाबाहेरच्या आंब्याखाली उभा राहिला. ओळखीचे लोक जाता-येता विचारत होते, मारलं काय रे मत? तो हसून मान हलवत होता, हो की नाही कळणार नाही अशी. बोटावरची शाई मी घरी येईपर्यंत पदराखाली झाकून ठेवली.

आणि 'पुढल्या वर्षी' हे शब्द आमच्या घरातून गेले. कधी गेले ते लक्षात आलं नाही. आधी तो म्हणायचा, पुढल्या वर्षी या मिरवेलांना नवा आधार देऊ, पुढल्या वर्षी विहिरीचा गाळ काढू. आता म्हणतो, बघूया. नाटकमंडळीने जत्रेच्या नाटकासाठी विचारलं, बघूया. मुलीने कुत्र्याचं पिल्लू मागितलं, बघूया. पोफळीला पहिलं घड धरायला पाचसहा वर्षं लागतात, माडाला त्याहून जास्त. एकदा धरली की पोफळ चाळीस चाळीस वर्षं देते. कुळागर हा सगळा पुढल्या वर्षांचाच धंदा. वर्षभराच्या परवान्यावर उभं राहून पाच वर्षांनी येणाऱ्या सुपारीसाठी खड्डा खणायचा, यात हात कसा आखडतो हे मी त्या भिंतीजवळ रोज बघत होते.

यात अजून एक तारीख आहे, जी आम्ही मोठ्याने उच्चारत नाही. इंग्लंडमधला कायम वास्तव्याचा दर्जा त्याला ब्रेक्झिटच्या वेळी मिळाला. त्या देशाबाहेर सलग पाच वर्षं राहिलं की तो जातो. आमची पाच वर्षं मार्च २०२७ला भरतात. तिकडचे मित्र फोन करतात, निदान एकदा येऊन जा, दार बंद करू नकोस. ते आपुलकीने म्हणतात. इथला निर्णय यायचा आहे आणि तिथलं दार लोटलं जातं आहे, आणि या दोन्हींच्या मधे एक बाई आहे जिला पहाटे धाप लागते. तो यावर काही बोलत नाही. मला काय हवं ते मला ठाम माहीत आहे. मला इथे राहायचं आहे, याच घरात, त्याच्याबरोबर, आणि त्याने कुणाचा पाहुणा म्हणून राहू नये असं मला वाटतं. पण पहिल्या सहीचा आग्रह माझा होता, म्हणून दुसरा आग्रह धरायला तोंड उघडत नाही.

मुलगी चौथीत आहे, गावच्याच मराठी शाळेत. गणपतीच्या सुट्टीनंतर बाईंनी वर्गात निबंध दिला, माझे बाबा. बाईंनी मला वही दाखवायला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा अवघडलेला होता. निबंधाची सुरुवात अशी होती: माझे बाबा परदेशी आहेत. त्यांना सुपारीचं औषध करता येतं. पुढे सुरी, लाल थर, चुना, सगळं बरोबर, क्रमाने लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, पहिलं वाक्य खोडायला सांगू का? मी म्हटलं, राहू द्या. घरी येताना वाटेत मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. तिने ते घरातूनच उचललं होतं, मी फोनवर कुणालातरी समजावत असताना. त्या रात्री वही त्याच्या हातात गेली. त्याने वाचली, एका ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं, आणि सही केली.

परवा सासूबाई काठी टेकत न्हाणीमागे गेल्या आणि एक पिशवी हलवायला लागल्या. हलेना. मी धावले. वाकून पाहिलं तर पिशवीच्या बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर येऊन खालच्या मातीत शिरली होती. बऱ्याचशा पिशव्यांचं तेच. काहींची खालची पानं पिवळी पडली होती. सासूबाई मुलाला म्हणाल्या काही नाही. फक्त ती पिशवी तशीच आडवी करून, तुटलेली मुळं वर दिसतील अशी ठेवून त्या आत गेल्या.

हिशेब त्यालाही कळत होता. पाऊस आता ओसरणार. यानंतर लावलं तर रोप उन्हात जातं. नाहीतर थेट पुढचा मिरग, आणि तोवर या पिशव्यांत काही जगणार नाही.

काल सकाळी मी उठले तर तो अंगणात नव्हता. मागे गेले. भिंतीजवळच्या पिशव्या अर्ध्या झाल्या होत्या. कुळागरात खाली, पाटाच्या पलीकडे, रात्रीच्या पावसाने माती काळी झाली होती आणि तो खड्ड्यात उतरलेला दिसला. नऊ फुटांची दोरी त्याने मोजून कापली होती. तिचं एक टोक त्याच्या खुंटीला आणि दुसरं मुलीच्या हातात. ती गमबूट घालून, फ्रॉक चिखलाने माखून, सांगितलं तिथे उभी राहत होती आणि मोठ्याने आकडा म्हणत होती. अकरा. बारा. शाळेला उशीर होणार होता. मी काही बोलले नाही. उरलेल्या पिशव्या दोन दोन करून खाली नेऊ लागले. ब्लेडने पिशवी चिरायची, मुळांची माती फुटू न देता रोप खड्ड्यात ठेवायचं, कडेने शेणखत, मग पायाने दाबायचं. बाराव्यापर्यंत माझे हात सरावले.

फोन वर माजघरात राहिला होता. दुपारी बघितलं तेव्हा अर्ज प्रक्रियेतच होता.

चाळीसांतली सदतीस लागली. तीन वाळली होती, ती त्याने बाजूला ठेवली. तीन खड्डे रिकामे राहिले. मी विचारलं, हे बुजवू का, पोरं पाय घालतील. तो हात धूत पाटाशी बसला होता. मान वर न करता म्हणाला, "नाका. जुनांत नवीं हाडूंया."